नाव एक, उमेदवार दोन: प्रकल्पाच्या नोंदी

७ जून २०२५, विटा

प्रश्न आधी लिहून ठेवतो म्हणजे नंतर भरकटायला नको. मोठ्या उमेदवाराच्या नावाचाच दुसरा माणूस अपक्ष म्हणून उभा राहिला तर मतदार खरंच फसतात का, फसत असतील तर किती आणि नेमकं कशामुळं. त्याला जोडून दुसरा प्रश्न, मतदाराचं आणि उमेदवाराचं आडनाव एकच असेल तर मत तिकडं झुकतं का.

आपल्याकडं सांगली साताऱ्यात दोन्हीची उत्तरं लोकांकडं तयार असतात. डमी उभा केला म्हणून पडला, पाटलाचं मत पाटलालाच जाणार, हे प्रत्येक इलेक्शनला ऐकतो. पण आकडे घेऊन शांत बसून कुणी बघितलंय असं मला दिसलं नाही. मला हे मनापासून बघायचंय कारण चुकून दुसऱ्याला गेलेलं मत म्हणजे त्या माणसाचं पाच वर्षांचं म्हणणं हुकलं. दिवसाचा रोजगार बुडवून उन्हात रांगेत उभी राहिलेली बाई आत जाऊन ज्याला द्यायचं त्याला देऊ शकली नाही तर तो तिचा दोष नाही, आणि जिंकला कोण हरला कोण याच्यापेक्षा ही गोष्ट मला जास्त लागते.

९ जून

साधनं काय आहेत ते. बूथवार निकाल फॉर्म २० मध्ये मिळतो, मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या वेबसाईटवर पीडीएफ असतात, बऱ्याचशा स्कॅन केलेल्या म्हणजे कॉपी पेस्ट चालत नाही, हातानं टाईप करायचं. मावसभाऊ एक्सेलमध्ये बसणार आहे. उमेदवारांची नावं, चिन्हं आणि क्रम फॉर्म ७ए मध्ये. मतदार याद्या आडनावं बघायला लागतील.

आधी मतदारसंघाच्या लेव्हलवरचे एकूण आकडे बघायचे, बूथ नंतर.

१४ जून

फक्त नाव सारखं, चिन्ह वेगळं, अशा केसेस आधी काढल्या.

रायगड २०१४ सगळ्यात ठसठशीत आहे. राष्ट्रवादीचे सुनील तटकरे शिवसेनेच्या अनंत गीतेंकडून २,११० मतांनी हरले आणि त्याच निवडणुकीत सुनील तटकरे याच नावाच्या अपक्षाला ९,८४९ मतं पडली. केरळात अलप्पुळा २००४, काँग्रेसचे व्ही. एम. सुधीरन १,००९ मतांनी पडले, नावात एकाच अक्षराचा फरक असलेल्या व्ही. एस. सुधीरन या उमेदवाराला ८,२८२ मतं. परत केरळातच मंजेश्वर २०१६, भाजपचे के. सुरेंद्रन फक्त ८९ मतांनी हरले, के. सुंदरा नावाच्या उमेदवाराला ४६७.

आता नुसतं "डमीची मतं लीडपेक्षा जास्त म्हणून डमीमुळं पडला" असं म्हणणं मला पटत नाही. त्या अपक्षाला थोडी स्वतःची मतं असतील, काही जणांनी रागानं दिली असतील. म्हणून मी उलटं विचारतो, निकाल पालटायला डमीच्या मतांपैकी किती मतं चुकीनं पडलेली असायला लागतील? रायगडात २,१११ पुरेशी होती, म्हणजे ९,८४९ मधली साधारण एकवीस टक्के. अलप्पुळात बारा टक्के. मंजेश्वरात एकोणीस टक्के. पाच माणसांत एक जरी चुकलेला असला तरी जवळपास निकाल फिरतो, आणि पाचात एक हा अंदाज मला तरी जास्त वाटत नाही. या तीन ठिकाणी नावानं निकाल फिरवला असं म्हणायला चांगली जागा आहे.

पण टक्केवारीत बघितलं तर रायगडला मतदान दहा लाखांच्या जवळ झालं होतं, म्हणजे डमीला साधारण एक टक्का. नाव अगदी सेम टू सेम असून एक टक्का. हा आकडा डोक्यात ठेवायचा, पुढं लागणार आहे.

१५ जून

आपण अटीतटीच्या केसेसच लक्षात ठेवतो, बाकीच्या विसरतो, आणि त्यामुळं डमीची ताकद आहे त्याच्यापेक्षा मोठी दिसते. आपल्याच जिल्ह्यातलं बघा, २०२४ च्या विधानसभेला तासगाव-कवठेमहांकाळला रोहित पाटलांच्या नावाचे दुसरे रोहित पाटील रिंगणात होते, इस्लामपुरात जयंत पाटलांच्या नावाचे होते. तासगावला रोहित पाटील २७,६४४ नी निवडून आले, इस्लामपूरला जयंतराव १३,०२७ नी. निकालाच्या दुसऱ्या दिवशी नामसाधर्म्याचा विषय कुणी काढला नाही. छत्तीसगडात महासमुंदला २०१४ मध्ये भाजपच्या चंदूलाल साहूंच्या विरोधात चंदू साहू नावाचे दहा अपक्ष होते तरी ते अजित जोगींना १,२१७ मतांनी हरवून निवडून आले.

म्हणजे यादीत फसलेल्या केसेसबरोबर न फसलेल्या पण घ्यायच्या, नाहीतर प्रकल्पाला अर्थ नाही.

२२ जून, सांगली

आडनावाचा प्रश्न.

२०२४ च्या लोकसभेला सांगलीत मुख्य उमेदवार तीन. विशाल पाटील अपक्ष, संजयकाका पाटील भाजप, चंद्रहार पाटील शिवसेना ठाकरे गट. तिघंही पाटील. विशाल पाटलांना ५,७१,६६६, संजयकाकांना ४,७१,६१३, चंद्रहार पाटलांना ६०,८६०. पाटलाचं मत पाटलाला हे खरं धरलं तर कुठल्या पाटलाला, याचं उत्तर आडनावात नाहीच. साताऱ्यात कोरेगावला महेश शिंदे विरुद्ध शशिकांत शिंदे, तिथंही तेच.

आणि पाटील हे आडनाव आपल्या जिल्ह्यात एका जातीचं पण नाही, मराठा आहेत, जैन आहेत, लिंगायत आहेत, गावाची पाटीलकी ज्याच्या घरात होती तो पाटील. मतदार यादीत पानंच्या पानं पाटील. सगळ्यांचं जे आहे त्यानं एकाला वेगळं कसं काढणार.

मग फरक कशानं पडतो? विशाल पाटील वसंतदादांचा नातू, तिकिटावरून झालेली नाराजी, कुठला कारखाना, कुठली सोसायटी, पाण्याचं काम कुणी केलं, कुणाचा माणूस दवाखान्यात मदतीला आला. आडनाव या सगळ्याच्या वर चिकटलेलं असतं, म्हणून लांबून बघणाऱ्याला तेच कारण वाटतं. गावातल्या माणसाला विचारलं तर तो आडनाव सांगतच नाही, "ते आमच्या खालच्या आळीचे" असं सांगतो.

२९ जून

स्वतःच्या नावाचं प्रेम याच्यावर परदेशात बराच अभ्यास झालाय. बेल्जियममध्ये योझेफ नुटिन यांनी १९८५ मध्ये दाखवलं की माणसाला स्वतःच्या नावातली अक्षरं बाकीच्या अक्षरांपेक्षा जास्त आवडतात, का आवडतात ते त्याला सांगता येत नाही. त्याच्यावरून पुढं बऱ्याच जणांनी मोठमोठे निष्कर्ष काढले, म्हणजे माणूस नावासारखं गाव निवडतो, नावासारखा धंदा निवडतो. मग २०११ मध्ये उरी सायमनसन यांनी ते दावे परत तपासले आणि सांगितलं की यातलं बरंचसं दुसऱ्याच कारणांनी होतं, एका पिढीत एकच नावं जास्त असतात, एका समाजाची माणसं एकाच भागात राहतात, वगैरे.

हे वाचून मला आमच्या तालुक्याचंच चित्र दिसलं. आडनाव, भावकी, गाव आणि गट हे एकमेकांत इतकं गुंतलेलं असतं की बूथवर एका आडनावाची मतं जास्त आणि त्याच आडनावाच्या उमेदवाराला लीड जास्त असं दिसलं तरी त्यातून आडनावामुळं मत मिळालं असं सिद्ध होत नाही. ते फक्त उमेदवाराचं स्वतःचं गाव असू शकतं.

त्यामुळं आडनावाचा धागा इथंच सोडतोय, बूथच्या आकड्यांतून तो सुटणार नाही. पहिल्या प्रश्नावर जोर लावायचा.

६ जुलै, सातारा

सातारा लोकसभा २०२४. हे आपल्याकडं अजून लोकांच्या जिभेवर आहे.

भाजपचे उदयनराजे भोसले ५,७१,१३४, शरद पवार गटाचे शशिकांत शिंदे ५,३८,३६३, फरक ३२,७७१. तिसऱ्या नंबरला पिपाणी चिन्ह मिळालेला अपक्ष, ३७,०६२ मतं. त्या अपक्षाचं नाव ना शिंदे ना शशिकांत, नावाचा काही संबंधच नाही. सारखं होतं ते चिन्ह. पवारसाहेबांच्या पक्षाला तुतारी वाजवणारा माणूस, अपक्षाला नुसती पिपाणी, आणि मुक्त म्हणजे कुठल्या पक्षासाठी राखीव नसलेल्या चिन्हांच्या मराठी यादीत त्या पिपाणीपुढं पण "तुतारी" असंच छापलेलं होतं. प्रचारात तर सगळीकडं तुतारी तुतारीच चाललेलं.

सातारा म्हणजे १९९९ पासून घड्याळावर मत देणारा जिल्हा. पक्ष फुटला, घड्याळ गेलं, नवीन चिन्ह २२ फेब्रुवारी २०२४ ला मिळालं आणि मतदान ७ मे ला. मिळाले अडीच महिने.

आता माझं तेच गणित इथं लावलं. निकाल पालटायला ३२,७७२ मतं चुकीची असायला लागतील, म्हणजे पिपाणीच्या शंभर मतांमधली अठ्ठ्याऐंशीच्या वर. हे फार आहे. बहुतेक मतं चुकूनच गेली असावीत असं मला वाटतं, कारण अपक्षाला वंचितच्या उमेदवारापेक्षा जास्त मतं मिळण्याचं दुसरं कारण दिसत नाही, पण अठ्ठ्याऐंशी टक्के हा इतका उंच उंबरठा आहे की पिपाणीमुळंच निकाल फिरला असं मी छातीठोक लिहिणार नाही. इथं बसून हे लिहिणं अवघड आहे कारण दोन्ही बाजूची माणसं घरात येतात जातात आणि दोघांनाही आपलंच खरं ऐकायचं असतं. आकडा म्हणतो शक्यता आहे, त्याच्या पुढं जात नाही.

एवढं मात्र नक्की की मतदान बारा लाखांच्या आसपास होतं म्हणजे पिपाणीला साधारण तीन टक्के. रायगडला नाव तंतोतंत सारखं, तिथं एक टक्का. इथं नाव पूर्ण वेगळं आणि चिन्ह फक्त जवळचं, तरी तीन.

१३ जुलै

दिंडोरी घेतलं, नाशिक जिल्हा, तीच लोकसभा. इथं दोन्ही एकत्र. राष्ट्रवादी शरद पवार गटाचे भास्कर भगरे, पेशानं शिक्षक, सगळे भगरे सर म्हणतात. समोर अपक्ष भगरे, त्यांच्या नावापुढं पण सर लावलेलं, आणि चिन्ह पिपाणी. त्या अपक्षाला १,०३,६३२ मतं!! लाखाच्या वर. मतदानाच्या आठ टक्क्यांच्या घरात. भास्कर भगरे तरीही १,१३,१९९ नी निवडून आले म्हणून जास्त गाजावाजा झाला नाही, पण माझ्या मते अख्ख्या महाराष्ट्रात या विषयातली सगळ्यात गंभीर केस हीच आहे. एक लाख माणसं. त्यातली निम्मी जरी चुकलेली धरली तरी आमच्या विट्याच्या लोकसंख्येएवढी मतं वाहून गेली.

नाव एकटं एक टक्का, चिन्ह एकटं तीन, दोन्ही आणि वर "सर" मिळून आठ. तीन केसेसवरून नियम काढता येत नाही हे मला माहितीये, मतदारसंघ वेगळे, वर्षं वेगळी. पण दिशा दिसते. नाव सारखं असणं ही मुख्य भानगड नाही, चिन्ह जवळचं असणं ही आहे, आणि नाव त्याच्यावर बसलं की मग पार उधळतं.

१४ जुलै

मावसभावानं शंका काढली, चांगली आहे. म्हणाला चिन्ह नवीन होतं म्हणून लोक चुकले असतील, जवळचं होतं म्हणून कशावरून?

याचं उत्तर सांगलीतच आहे. विशाल पाटलांना लिफाफा चिन्ह मिळालं ते माघारीच्या मुदतीनंतर, माघार २२ एप्रिलला आणि मतदान ७ मे ला, म्हणजे हातात दोन आठवडे. अपक्ष असल्यामुळं नाव मोठ्या पक्षांच्या खाली, कारण यादीत आधी मान्यताप्राप्त पक्ष, मग नोंदणी असलेले छोटे पक्ष, मग अपक्ष. इतकं सगळं विरोधात असून लिफाफा जतपासून मिरजेपर्यंत घरोघरी पोचला आणि १,००,०५३ चं लीड. वाड्या-वस्त्यांवरच्या म्हाताऱ्या माणसांनी पण लिफाफा बरोबर शोधून काढला. म्हणजे आपला मतदार नवीन चिन्ह दोन आठवड्यात शिकतो. त्याला अडचण येते ती शेजारी तसंच दुसरं ठेवलं की.

मला हे फार महत्त्वाचं वाटतं. खेड्यातली माणसं अडाणी म्हणून चुकली असं शहरातली शिकलेली मंडळी पटकन बोलतात, ते चूक आहे, सांगली आणि सातारा एकमेकांना लागून, मतदान एकाच दिवशी, माणसं तीच.

२७ जुलै, खानापूर तालुका

एका वाडीवर देवळात लोकांना बसवून एक छोटा प्रयोग केला. कागदावर बॅलट युनिटसारखी मतपत्रिका छापली, नावं सगळी खोटी आणि पक्ष कुठलाच नाही, चिन्हं घरातल्या वस्तूंची. आधी तोंडी सांगायचं की तुम्हाला अमुक नावाच्या माणसाला मत द्यायचंय, निशाणी अमुक, मग कागद पुढं ठेवायचा. एका कागदावर नाव सारखं असलेला दुसरा उमेदवार, एकावर चिन्ह सारखं, एकावर दोन्ही.

आकडे इथं लिहीत नाही, माणसं थोडी होती आणि ओळखीची होती. काय दिसलं ते लिहितो.

वयस्कर माणसं नावाकडं बघतच नाहीत. एक आज्जी म्हणाल्या, "नाव कुठलं वाचतोय बाळा, निशाणी हुडकायची न् दाबायचं." त्यांचं बोट डावीकडून उजवीकडं जात नाही, चिन्हांच्या रांगेतून वरून खाली येतं. जिथं ओळखीचं काहीतरी दिसलं तिथं थांबतं, आणि एकदा थांबलं की पुढं बघत नाहीत. म्हणून सारखं चिन्ह वर असेल तर चूक जास्त, खाली असेल तर कमी.

तरुण पोरं नाव वाचतात. आणि नाव सारखं असलेल्या कागदावर अडखळली ती हीच पोरं. पहिलं नाव आणि आडनाव बघतात, मधलं वडिलांचं नाव सोडून देतात. कारण नेत्याच्या वडिलांचं नाव कोण लक्षात ठेवतं, नेता आपल्याकडं आबा, काका, दादा, भाऊ.

आणि काही जण नंबर पाठ करून आलेले असतात. अनुक्रमांक तीन म्हणलं की तीन, मधलं काही बघायचं नाही. ही मंडळी अजिबात चुकली नाहीत. गावात प्रचाराच्या शेवटच्या दिवशी डमी मतपत्रिका घरोघर वाटून "अनुक्रमांक अमुक, निशाणी अमुक" असं घोकून घेतात, ते किती उपयोगाचं आहे हे मला त्या देवळात कळलं.

म्हणजे नाव, चिन्ह, नंबर हे तीन वेगवेगळे लोक तीन वेगवेगळ्या खुणा म्हणून वापरतात. डमी उमेदवार ज्याची खूण चोरतो तेवढेच फसतात. नावाची चोरी फक्त नाव वाचणाऱ्याला लागते आणि त्यातही घाईत वाचणाऱ्याला, म्हणून तो एक टक्का.

१० ऑगस्ट

विधानसभा २०२४ चे आकडे पूर्ण झाले.

लोकसभेनंतर पवार गटानं आयोगाकडं तक्रार केली होती, आयोगानं पिपाणी काढली नाही पण तुतारी वाजवणाऱ्या माणसाचं चित्र मशीनवर मोठं करून द्यायचं मान्य केलं. पक्षानं गावोगाव फरक समजावून सांगितला. मग नोव्हेंबरमध्ये आंबेगावला बघा, पवार गटाचे उमेदवार देवदत्त निकम, त्यांच्या नावाचाच अपक्ष आणि त्याला परत पिपाणी, म्हणजे दिंडोरीचाच प्रकार. त्याला मतं २,९६५, दीड टक्क्याच्या आत. मे मध्ये आठ आणि नोव्हेंबरमध्ये दीड. मतदारसंघ वेगळा आहे, एकास एक तुलना होत नाही, तरी चित्र मोठं केलं आणि लोकांना सांगितलं तर चूक उतरते असं म्हणायला हरकत नाही. दुर्दैव हे की आंबेगावला दिलीप वळसे पाटील १,५२३ नीच निवडून आले, म्हणजे अपक्षाची निम्म्याच्या थोडी वर मतं चुकीची असती तर निकाल फिरला असता. चूक कमी झाली तरी लीड त्याहून कमी.

दुसरं कर्जत-जामखेड. रोहित पवार १,२४३ नी निवडून आले, त्यांच्याच नावाच्या अपक्षाला ३,४८९ मतं, चिन्ह वेगळं. हे साधारण सव्वा टक्का. आता रायगड २०१४ शी ताडून बघितलं तर एक गोष्ट डोळ्यात भरली. मशीनवर उमेदवाराचा फोटो २०१५ पासून आलाय, तो आणलाच होता नावाचा गोंधळ टाळायला. रायगडला फोटो नव्हता तर एक टक्का, कर्जतला फोटो होता तरी सव्वा टक्का. काळा पांढरा, तिकिटाएवढा फोटो, मतदानाच्या खोलीत उजेड बेताचा. त्या फोटोनं म्हणावा तसा फरक पडलेला मला तरी दिसत नाही.

२४ ऑगस्ट

कायदा आणि खर्च.

विधानसभेला अनामत रक्कम १०,००० रुपये, अनुसूचित जाती जमातीच्या उमेदवाराला निम्मी. लोकसभेला २५,०००. अपक्षाला दहा सूचक लागतात. आणि विधानसभेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा ४० लाख. म्हणजे ज्याला विरोधकाची एक टक्का मतं फोडायची आहेत त्याला मर्यादेच्या चारशेव्या हिश्श्यात काम होतं. सांगलीत रोहित पाटील नाहीतर जयंत पाटील नावाचा माणूस शोधायला वेळ लागत नाही. साताऱ्यात उदयनराजे भोसले या नावाचा दुसरा शोधून दाखवा! म्हणजे साध्या नावाचा, साध्या घरातला उमेदवार यात जास्त भरडला जातो, हा अन्याय कुणाच्या लक्षातच येत नाही.

पण नावावरून उभं राहायला बंदी घाला, हे मला मान्य नाही. सुप्रीम कोर्टात मे २०२४ मध्ये अशी याचिका आली होती, कोर्टानं ऐकून घेतली नाही, म्हणाले आई-वडिलांनी तेच नाव ठेवलं असेल तर त्याचा निवडणूक लढवायचा हक्क कसा काढून घेणार. बरोबर आहे. शेतकऱ्याच्या पोराचं नाव रोहित पाटील असेल आणि त्याला खरंच लढायचं असेल तर त्यानं का म्हणून गप्प बसायचं.

नियमात उपाय आहेच. निवडणूक संचालन नियम १९६१, मशीनसाठी नियम ४९बी, दोन उमेदवारांचं नाव सारखं असेल तर धंदा, राहण्याचं ठिकाण किंवा दुसऱ्या काही प्रकारानं फरक दाखवायचा. आणि उमेदवार ज्या नावानं लोकांत ओळखला जातो ते नाव छापून मागू शकतो. तासगावला रोहित पाटलांचं नाव मशीनवर "रोहित सुमन आर. आर. (आबा) पाटील" असं होतं, आईचं नाव आणि आबांचं नाव दोन्ही. त्या एका ओळीनं जे काम केलं ते फोटोनं झालं नसतं, कारण तासगावात आर. आर. आबा म्हणलं की दुसरा कुणी डोळ्यासमोर येतच नाही. बाकी ठिकाणी मात्र फरक दाखवायचा म्हणजे वडिलांचं नाव लावून सोडून देतात, आणि देवळातल्या प्रयोगात बघितलं की ते नाव कुणी वाचत नाही.

१९ सप्टेंबर

आयोगाचं नवीन परिपत्रक आलं. इथून पुढं मशीनवरच्या मतपत्रिकेवर रंगीत फोटो, त्यात चेहरा तीन चतुर्थांश जागेत, अनुक्रमांक ठळक आणि ३० च्या आकारात, सगळ्यांची नावं एकाच टाईपात. सुरुवात बिहारपासून. वाचून बरं वाटलं, खास करून अनुक्रमांकाचं, कारण नंबर पाठ करून येणारे चुकत नाहीत हे आम्ही डोळ्यांनी बघितलंय.

फोटोवर मात्र सगळा भरवसा टाकू नये. रशियात सेंट पीटर्सबर्गला २०२१ मध्ये बोरिस विश्नेव्स्की नावाच्या विरोधी उमेदवारासमोर दोन जण नाव बदलून बोरिस विश्नेव्स्की झाले, आणि पोस्टरवरच्या फोटोत तिघांची दाढी, टक्कल, चेहरा इतका जुळवलेला की बघणारा चक्रावेल. आपल्याकडं अजून तिथपर्यंत कुणी गेलं नाही, पण जाणारच नाही असं नाही.

५ ऑक्टोबर

ग्रामपंचायतीचं थोडं बघितलं. तिथं पक्षाची चिन्हं नाहीत, सगळी मुक्त चिन्हं, आणि एका आळीत एकाच आडनावाचे चार उमेदवार. कागदावर बघितलं तर सगळ्यात जास्त गोंधळ इथं व्हायला पाहिजे. पण होत नाही, कारण मतदार उमेदवाराला नावानं ओळखतच नाही, मळ्यावरून ओळखतो, आणि निशाणी त्याच्या घरच्यांनी दारात येऊन सांगितलेली असते. शिवाय बटणं थोडी. जिथं ओळख समोरासमोरची आहे तिथं नाव चोरून काही हाती लागत नाही. जिथं मतदारसंघ अठरा लाखांचा आणि नेता फक्त बॅनरवर दिसलेला, तिथं लागतं.

१२ ऑक्टोबर

आयोगाला पाठवायच्या पत्राचा मसुदा पूर्ण केला. चार मागण्या ठेवल्यात. मान्यताप्राप्त पक्षाच्या चिन्हाशी आकारानं किंवा नावानं जुळणारं चिन्ह त्या निवडणुकीत मुक्त यादीत ठेवू नये, यावर सगळ्यात जास्त जोर, कारण आकडे तिथंच मोठे आहेत. नाव सारखं असेल तर वडिलांच्या नावाऐवजी गाव आणि लोकांतलं नाव ठळक छापावं, तसं दोन्ही उमेदवारांना निवडणूक अधिकाऱ्यानं स्वतःहून विचारावं. सारख्या नावाचे उमेदवार यादीत लागोपाठ येत असतील तर मध्ये जाड रेघ. आणि मतदान केंद्राबाहेर लावतात ती उमेदवारांची यादी मोठ्या रंगीत कागदावर, डोळ्याच्या उंचीला, रांगेतून वाचता येईल अशी.

मावसभाऊ म्हणतोय पाचवी मागणी टाक, अपक्षाची अनामत वाढवा. नाही टाकली. त्यानं डमी उभा करणाऱ्याला काही फरक पडत नाही, खऱ्या गरीब उमेदवाराला पडतो. त्याचं अजून पटलेलं नाही, पत्र दोघांच्या सहीनं जायचंय त्यामुळं उद्या परत बसणार.

कोरेगाव आणि वाई विधानसभेचे लोकसभेचे बूथ टाईप करायचे राहिलेत. पिपाणीची मतं जिथं जास्त पडली ते बूथ जुने घड्याळाचे बूथ आहेत का, एवढंच त्यात बघायचंय.